चालवून घेतलेलं

१६१०६१२७३६. पीएचपीत, म्हणजे वेबसाइटी लिहायच्या एका प्रोग्रॅमिंग भाषेत, काही वर्षं काढलेल्या माणसापुढे हा आकडा ठेवा आणि त्याचा चेहरा बघा. दीड जीबीचे एवढे बाइट होतात. पीएचपीच्या प्रकल्पाला लागणारा दुसऱ्यांचा कोड आणून देणारं अवजार म्हणजे कंपोजर. त्याची पहिली आवृत्ती असताना जरा मोठा प्रकल्प अपडेट करायला घेतला, की बराच वेळ स्क्रीनवर काही हलायचंच नाही. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागायचा, चहा पिऊन यावं तरी कर्सर तिथंच, आणि मग एकदम हा आकडा यायचा. एवढी मेमरी दिली होती, संपली. यावरचं औषध सगळ्यांना तोंडपाठ होतं. मेमरीची मर्यादा वजा एक करायची, म्हणजे मर्यादाच काढून टाकायची. मशीनमध्ये आहे तेवढी खा बाबा, पण काम उरक.

गंमत म्हणजे ही मर्यादा कंपोजरनेच मागून घेतलेली होती. सुरू होतानाच तो पीएचपीला सांगायचा की तुझी मर्यादा दीड जीबीपेक्षा कमी असेल तर ती वाढव. स्वतःच्या तोंडाने मागितलेलं ताट त्याला पुरत नव्हतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुठलंही सॉफ्टवेअर हल्ली कुणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. पीडीएफ काढायची, मेल पाठवायची, एक्सेल वाचायची, यासाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली पॅकेजं असतात. त्या पॅकेजांना आणखी कुणाची तरी पॅकेजं लागतात. एकाला अमुक गोष्टीची तिसरी आवृत्ती हवी असते, तर दुसऱ्याला तिसरी अजिबात चालत नाही. सगळ्यांच्या अटी पाळणारी एक जुळणी शोधायची, ती सगळी पॅकेजं उतरवून घ्यायची आणि जागच्या जागी ठेवायची, हे पीएचपीत कंपोजरचं काम. निल्स आडरमान आणि योर्डी बोजिआनो या दोघांनी २०११ मध्ये ते सुरू केलं आणि १ मार्च २०१२ ला पहिली आवृत्ती बाहेर आली. जुळणी शोधायची रीत त्यांनी ओपनसुसे लिनक्समधल्या लिबझिप या लायब्ररीतून पीएचपीत आणली. अधिकृत १.० यायला मात्र एप्रिल २०१६ उजाडला. तोवरची चार वर्षं जगभरची पीएचपी 'अल्फा' असा शिक्का मारलेल्या अवजारावर बिनदिक्कत चालली होती. आपल्याकडेच जुगाड चालतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कंपोजरच्या दोन फायली असतात. कंपोजर डॉट जेसनमध्ये आपल्याला काय काय चालेल ते लिहायचं. कंपोजर डॉट लॉकमध्ये प्रत्यक्षात कुठली आवृत्ती बसली ते, अगदी कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नेमक्या बदलाच्या, खुणेसकट, कंपोजर स्वतः लिहून ठेवतो. अपडेट म्हटलं की जुळणी नव्याने शोधली जाते. इन्स्टॉल म्हटलं की लॉकमध्ये लिहिलंय तेच मुकाट्याने आणलं जातं. एवढं कळलं तर पुढचं सगळं कळेल.

आमचं ऑफिस टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळ. मोठ्या कंपन्यांची कामं आमच्याकडे येत नाहीत, आणि आली तरी झेपणार नाहीत. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, एक-दोन पतसंस्था, निपाणीचे तंबाखूवाले, असे आमचे ग्राहक. सर्व्हर स्वस्तातला, एक जीबी मेमरीचा, कारण महिन्याचं बिल बघून शेठजी आधी भुवया वर करतात. अशा सर्व्हरवर अपडेट चालवणं म्हणजे वेडेपणा. तिथं फक्त इन्स्टॉल चालवायचं, ही शिस्त आमच्याकडे पहिल्यापासून होती. पण कामं किरकोळ असली तरी थांबून चालत नाहीत. फाउंड्रीत माल भरून ट्रक गेटात आला, गेटपास छापून निघाला नाही, की स्टोअरच्या मामांचा फोन ठरलेला. "साहेब, गाडी गेटात हुबी हाय, पास निघंना झालाय." ड्रायव्हरला रात्रीच्या आत पुणं गाठायचं असतं. त्याला पीएचपी कुठली आणि कंपोजर कुठला, याच्याशी देणंघेणं नसतं.

म्हणून २४ ऑक्टोबर २०२० ला कंपोजर २.० आला तेव्हा आमच्याकडे कुणी उड्या मारल्या नाहीत. चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा? हे बोलणं बेळगावात रिक्षावाल्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि मी त्याला हसणार नाही. दहा माणसांच्या पगाराची सोय ज्या प्रोग्रॅमवर आहे तो चालतोय, हे छोटं कारण नव्हे.

पण जुन्या आवृत्तीचं दुखणंही खरं होतं. एखादं पॅकेज हवं म्हटलं की पहिला कंपोजर त्याच्या आजवरच्या झाडून सगळ्या आवृत्त्यांची माहिती मागवायचा. मग त्या प्रत्येक आवृत्तीला काय लागतं ते, मग त्याला आणखी काय लागतं ते. ज्या आवृत्त्या आपल्या अटीत बसणारच नाहीत त्यांचंही बिऱ्हाड मेमरीत येऊन पडायचं. डिसेंबर २०१४ मध्ये बोजिआनो यांनी त्यात एक छोटी दुरुस्ती केली होती, ती मला फार आवडते. काम चालू असेपर्यंत पीएचपीची कचरा उचलायची यंत्रणा त्यांनी बंद करून टाकली. कारण मेमरीत लाखो ऑब्जेक्ट झाले की पीएचपी सारखी कचरा शोधत हिंडायची, आणि कचरा काही सापडायचा नाही, कारण ठेवलेलं सगळंच कामाचं होतं. फुकटची झाडलोट थांबली आणि कित्येकांचा वेळ निम्म्याहून खाली आला. पुढे एका जपानी प्रोग्रॅमरने प्रेस्टिसिमो नावाचं प्लगइन लिहिलं. कंपोजर पॅकेजं एकामागून एक उतरवायचा, हे प्लगइन एकाच वेळी अनेक उतरवायचं. आमच्या ऑफिसात नवं मशीन आलं की कंपोजरच्या पाठोपाठ प्रेस्टिसिमो बसवायचं, हे कुणाला सांगावंही लागत नसे.

दुसऱ्या आवृत्तीने हे दोन्ही प्रश्न मुळात हात घालून सोडवले. अटीत न बसणाऱ्या आवृत्त्या आधीच गाळायच्या, प्रत्येक पॅकेजची माहिती वेगवेगळ्या छोट्या फायलींतून मागवायची, आणि डाउनलोड आतूनच समांतर करायचे. तिकडे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या पॅकेजिस्टनेही सांगून टाकलं होतं की २०२१ च्या फेब्रुवारीपासून पहिल्या आवृत्तीला नव्या पॅकेजांची माहिती मिळणार नाही. मग आमचाही 'बघूया की' संपला.

खुद्द कंपोजर बदलणं म्हणजे एका ओळीचं काम. सेल्फ-अपडेट म्हणायचं, पुढे दोन डॅश देऊन दोनचा आकडा लिहायचा. नाही पटलं तर रोलबॅक म्हणायचं, जुनी फाइल त्याने बाजूला जपून ठेवलेली असते. शिवाय लॉक फाइल दोन्ही आवृत्त्यांना वाचता येते. याचा आम्हाला त्या वर्षी भलताच उपयोग झाला. साथीचे दिवस होते, कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी अहवाल असल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. आमचा एक सहकारी चंदगड तालुक्यातला. एरवी शिनोळीवरून रोज येऊन-जाऊन असायचा, तो घरी अडकला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर पहिला कंपोजर, आमच्याकडे दुसरा, आणि मध्ये एकच लॉक फाइल इकडून तिकडे. काही बिघडलं नाही. त्या काळात विनातक्रार हद्द ओलांडणारी आमच्याकडची ती एकच गोष्ट असावी.

थेट चालू सर्व्हरला हात लावायचा नाही म्हणून फाउंड्रीच्या प्रोग्रॅमची एक नक्कल वेगळ्या सर्व्हरवर उभी केली आणि तिथं नवा कंपोजर चालवला. इन्स्टॉल इतक्या झटक्यात संपलं की आधी वाटलं, काहीतरी राहिलंय. लॉगिन झालं. चलन निघालं. हीट नंबरची यादी आली. गेटपासचं बटण दाबलं आणि पांढरं पान. गेटपास नावाचा क्लासच, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडाच, सापडत नाही, असं लॉगमध्ये.

फाइल जागेवर होती. उघडून बघितली, क्लासही आत होता. खानापूरहून येणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी पोरगी, तिने खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही नावं एकाखाली एक मांडली. क्लासच्या नावात 'पास'चा पी कॅपिटल होता. फाइलच्या नावात तो स्मॉल होता. बास. एवढंच.

मग तिनेच विचारलं, "अण्णा, मग ते पिवळं यायचं ते हेच काय ओ?"

अण्णा म्हणजे आमचा बैलहोंगलचा सहकारी. घरी कन्नड, ऑफिसात मराठी, आणि चिडला की दोन्ही. पिवळं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कंपोजर १.१० पासून ऑटोलोडर, म्हणजे लागेल तो क्लास शोधून आणणारा भाग, तयार होताना टर्मिनलवर पिवळ्या रंगात एक सूचना यायची. अमुक क्लास पीएसआर-४ च्या, म्हणजे क्लासचं आणि फायलीचं नाव जुळलं पाहिजे या, नियमात बसत नाही, कंपोजर २.० मध्ये तो आपोआप लोड होणार नाही. आडपडदा नाही, की बारीक टाइप नाही. फायलीचं नाव, क्लासचं नाव, कधी बंद होणार ते, सगळं सरळ लिहिलेलं. ती ओळ आम्ही सगळे रोज बघत होतो. पिवळं म्हणजे थांबायचं नाही, लाल आलं तर थांबायचं, हा जगभरच्या प्रोग्रॅमरांचा अलिखित नियम.

"येऊ दे की म्हणालो होतो मीच," अण्णा म्हणाला. "तवा चालायलं होतं न्हवं?"

चालत होतं, आणि ते का चालत होतं हे खरं बघण्यासारखं आहे. ज्यांनी तो भाग लिहिला त्यांच्या मशीनवर विंडोज. विंडोजला फायलीच्या नावातला पी लहान की मोठा याचं सोयरसुतक नसतं. सर्व्हरवर लिनक्स. तिथं दोन्ही पी वेगळे, म्हणजे तिथं हा क्लास पहिल्या दिवसापासून अडायला हवा होता. तो अडला नाही, कारण सर्व्हरवर ऑटोलोडर वेगासाठी ऑप्टिमाइझ करून चढवलेला असायचा. तसा करताना पहिला कंपोजर सगळ्या फोल्डरांतून फिरून प्रत्येक फाइल उघडायचा, आत कुठला क्लास आहे ते बघायचा आणि यादीत लिहून घ्यायचा. फायलीचं नाव काहीही असो. मागितला क्लास की यादी बघून दिला. दुसरा कंपोजर यादी तशीच करतो, पण नाव नियमात बसत नसेल तर तो क्लास यादीत घेतच नाही.

आमच्या भागात यल्लाप्पा हे नाव घ्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर यल्लाप्पा. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, त्याच्यावर ल एक की दोन, आणि मात्रा ऱ्हस्व की दीर्घ, हे लिहिणाऱ्याच्या कानावर. बँकेच्या पासबुकात इंग्रजी, तिथं आणखी तिसरंच काही. गावच्या जुन्या तलाठ्याला यात काहीच अडचण नव्हती. तो यल्लाप्पाला ओळखायचा, त्याच्या बापाला ओळखायचा, कुठल्या ओढ्याकाठचा तुकडा त्याचा हेही त्याला माहीत. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा समोर कोण उभं आहे ते बघून तो काम करायचा. मग २००० च्या सुमारास भूमी योजनेत कर्नाटकातले उतारे संगणकावर गेले. पुढे एकेक कागद एकमेकांना जोडायची वेळ आली, तेव्हा जुळवणारा माणूस राहिला नाही, अक्षरं राहिली. आता कोर्टाबाहेर स्टॅम्पपेपर घेऊन बसलेल्याकडे जायचं आणि 'वरील तिन्ही नावं एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे' असं प्रतिज्ञापत्र करायचं. स्वतःच स्वतः असल्याचं शपथेवर सांगायचं. यात यल्लाप्पाने काय चूक केली होती?

गेटपासच्या क्लासचंही हेच झालं. नवीन आवृत्तीने काही मोडलं नव्हतं. जुनी आवृत्ती कुणाला न सांगता जे चालवून घेत होती, ते तेवढं थांबलं. गेली काही वर्षं मी जेवढी म्हणून अपडेटं बघितली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार खोदत गेलं की तळाला हेच सापडतं. 'नव्याने बिघडवलं' असं आपण म्हणतो, आणि बिघाड जुनाच असतो, त्याला सांभाळून घेणारा कुणीतरी नुकताच निघून गेलेला असतो.

जुना तलाठी मला आवडायचा, हे लपवत नाही. पण त्याचा स्वभाव प्रोग्रॅममध्ये असणं बरं नव्हे, असं माझं मत झालंय. एकच कोड विंडोजवर चालतो, लिनक्सवर ऑप्टिमाइझ केला तर चालतो, आणि ऑप्टिमाइझ करायचं राहिलं तर चालत नाही. याला चालणं म्हणायचं का? त्यापेक्षा सगळीकडे सारखा अडलेला परवडला. निदान तो ऑफिसात अडतो, गेटातल्या गाडीसमोर नाही. फायलींची नावं त्याच दुपारी नीट केली. त्यातही एक मेख आहे. विंडोजवर नुसता पी बदललेला कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला दिसतच नाही, त्याला मूव्ह करून सांगावं लागतं. पोरीने ते आधीच शोधून ठेवलं होतं.

बाकीची साफसफाई त्या मानाने सोपी. प्रेस्टिसिमो काढून टाकलं. ते नव्या कंपोजरवर चालतच नाही, आणि त्याच्या लेखकानेच आता याची गरज उरली नाही असं लिहून ठेवलंय. आपण लिहिलेलं अवजार मूळ अवजारात विरून जावं आणि आपण शांतपणे ते लोकांना काढायला सांगावं, ही ऐट फार थोड्यांना जमते. मी असा कोड कधी लिहीन असं वाटत नाही. दुसरीकडे एका पॅकेजच्या नावातच शेवटी 'डेप्रिकेटेड' असा शब्द आहे, म्हणजे वापरू नका. पण त्याचं मूळ भावंड फक्त नव्या पीएचपीवर आणि नव्या कंपोजरवर चालणारं, त्यामुळे मधल्या काळात निम्म्या जगाने हे 'वापरू नका'च वापरलं. आमच्याही लॉकमध्ये ते होतं, आणि बरीच वर्षं राहिलं.

एक बदल असा होता की ज्याची किंमत आम्हाला नंतर कळली. आमची स्वतःची काही पॅकेजं आहेत, चलनाची, जीएसटीच्या हिशेबाची, ती आमच्या खासगी साठ्यात असतात. पहिला कंपोजर सगळे साठे बघायचा आणि ज्याच्याकडे वरची आवृत्ती त्याचं पॅकेज घ्यायचा. दुसऱ्याने हे बदललं. यादीत वर लिहिलेल्या साठ्यात त्या नावाचं पॅकेज सापडलं की पुढे बघायचंच नाही. आधी वाटलं, हा उगाचचा काटेकोरपणा. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान नावाच्या सुरक्षा संशोधकाने आपलं काम जाहीर केलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांची नावं शोधून त्याने त्याच नावांची, वरच्या आकड्याची पॅकेजं एनपीएम, पायपीआय आणि रुबीजेम्सच्या सार्वजनिक साठ्यांत ठेवली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्या यंत्रणांनी ती घरची समजून आत घेतली. नाव तेच, आकडा मोठा, मग हेच नवं असणार. कंपोजरने ही वाट साडेतीन महिने आधीच बंद केली होती. अण्णाने ती बातमी वाचली आणि खासगी साठा यादीत सगळ्यांत वर आहे ना, ते प्रत्येक प्रकल्पात स्वतः उघडून बघितलं. पिवळ्याकडे काणाडोळा करणारा माणूस तोच.

त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये २.२ आला आणि त्याने प्रत्येक प्लगइनपाठीमागे विचारायला सुरुवात केली. या प्लगइनला तुमच्या मशीनवर कोड चालवू द्यायचा का, हो की नाही. तोवर कुठलंही प्लगइन, कुणाच्याही मागून आलेलं, इन्स्टॉल होतानाच आपला कोड चालवून मोकळं व्हायचं. आम्ही एकेकाला हो म्हणत गेलो. एका नावापाशी अडलो. ते कशासाठी आणलंय हे ऑफिसात कुणालाच आठवेना. नाही म्हटलं. काही अडलं नाही, आणि ते अजून 'नाही'वरच आहे.

राहता राहिलं निपाणीचं. तिथल्या एका वखारीचा हिशेब अजून पीएचपी ५.६ वर चालतो. त्या पीएचपीची डागडुजी ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. कंपोजर २.३ पासून पीएचपी निदान ७.२.५ लागते, पण जुन्यांसाठी त्यांनी २.२ ची शाखा मागे ठेवली आहे, ती ५.३ पर्यंत चालते. मशीनवरची पीएचपी बघून कंपोजर आपणहून त्याच शाखेवर थांबतो. तेवढं करून आलो. मालकांना म्हटलं, "काका, पीएचपीपण बदलायला पायजे आता, ही लई जुनी झाली." त्यांनी गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं, "बदललं तर बोदांचं वजन तेच येतंय न्हवं?"

तेच येईल असं मला वाटतं. पण त्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय चालवून घेतलंय हे कुणी उघडून बघितलेलं नाही. आधी खानापूरची पोरगी त्याची नक्कल वेगळ्या मशीनवर उभी करणार आहे. मार्चअखेरचे हिशेब होईपर्यंत वखारीच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, असं काकांनी बजावलंय.